मूडल: रेंज नसलेल्या लेकरांना पुस्तपालन शिकवताना

मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे असं सगळे सांगतात. सॉफ्टवेअर फुकट आहे हे खरंच. पण ते ठेवायला सर्व्हरवर जागा लागते आणि ती जागा भाड्याची असते. आम्ही तिघं शिक्षक मिळून ते भाडं भरतो, वर्षाला तीन-चार हजारांच्या घरात जातं. कॉलेजकडं मागितलं नाही. मागितलं असतं तर ठराव, कोटेशन आणि सह्या यांतच हंगाम निघून गेला असता. हे आधीच सांगते, कारण पुढं मी मूडलचं बरंच कौतुक करणार आहे.

मी धारूर तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. अकरावी-बारावी, मराठी माध्यम. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की दिवाळीच्या आगेमागे आमच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून पैसे उचललेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि बारावीतलं पोरगं घरच्यांच्या हिशेबात अर्धा कोयता. बोर्डाच्या पेपराला ते येतं, पेपर देतं आणि परत फडावर जातं. मधल्या महिन्यांत भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, विसर्जन, हुंड्या, सगळं शिकवून झालेलं असतं.

तेव्हा माझी कसोटी सरळ आहे. पोरगं दिवसभर मोळ्या बांधून कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, आलं, बापाचा फोन हातात घेतला, रेंज नाही; अशा वेळी हे चालतं का? बाकी रंगरूप, लोगो, प्रमाणपत्रं याच्याशी मला घेणंदेणं नाही.

मूडलआधी आम्ही एका खासगी कंपनीचं शिकवणीचं अ‍ॅप घेऊन बघितलं होतं. नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. वर्ग म्हणजे लाइव्ह व्हिडिओ. लेकरू हजर नसेल तर रेकॉर्डिंग, पण तेही नेट असेल तरच चालणार. एका बापानं कारखान्यावरून फोन केला होता, "मॅडम, पोरगं म्हणतंय नुसती चक्कर फिरायलीय. पैसे तर तुटले की." तिकडं कंपनीची माणसं मात्र त्याच बापाला पुढच्या पॅकेजसाठी न चुकता फोन करत होती. त्यांच्या फोनला रेंज बरोबर मिळायची.

लाइव्ह वर्गावर माझा तसाही भरवसा नव्हता. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्समध्ये व्हिडिओ बघितल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असू द्या, विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपलीकडं टिकत नव्हते. आणि छापील स्लाइडपेक्षा हातानं लिहीत-लिहीत समजावलेलं जास्त वेळ बघितलं जात होतं. हे हार्वर्ड, एमआयटी, बर्कली या विद्यापीठांच्या कोर्समधलं, जिथं नेटला काही तोटा नाही. आपण मात्र लॉकडाऊनमध्ये पंचेचाळीस मिनिटांचा तास जशाच्या तसा कॅमेऱ्यासमोर घेतला आणि लेकरं लक्ष देत नाहीत म्हणून ओरडलो.

म्हणून मूडलवर मी व्हिडिओ ठेवतच नाही. त्यात ‘बुक’ नावाचा एक प्रकार आहे, पानामागून पान उलटता येतं. मी वहीत गणित सोडवते, टप्प्याटप्प्यानं फोटो काढते आणि प्रत्येक फोटोखाली दीड-दोन मिनिटांचा आवाज लावते. बत्तीस केबीपीएसवर मोनो रेकॉर्ड केलं तर सहा मिनिटांचा आवाज दीड एमबीच्या आतच बसतो. तेवढ्याच वेळेचा बरा दिसणारा व्हिडिओ वीस-पंचवीस एमबी खातो. रेकॉर्डिंग घरीच, लोखंडी कपाटाच्या दारावर दोन गोधड्या टाकून. आवाज घुमत नाही. पहाटे करावं लागतं, नंतर रस्त्यावरून ट्रॅक्टर सुरू होतात आणि ट्रॅक्टरवरची गाणी.

मध्ये थांबण्याच्या जागा ठेवते. ही युक्ती आयआयटी मुंबईच्या सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांच्या गटाची. त्यांनी ऑनलाइन कोर्ससाठी एक मांडणी केली आहे, विद्यार्थी मध्यभागी ठेवून. तिच्यात शिकवण्याचा व्हिडिओसुद्धा संवाद मानलेला आहे. बोलता बोलता मध्येच थांबायचं, एक प्रश्न टाकायचा, विद्यार्थ्यानं तो वहीत सोडवायचा आणि मगच पुढं जायचं. मी आवाजात चक्क सांगते, "आता बंद कर. खतावणीत हे कुठं जाईल ते वहीत लिही. लिहिल्याशिवाय पुढचं पान उलटू नको." उलटणारे उलटतातच. तरी काहींच्या वहीत ते लिहिलेलं सापडतं.

आता मुख्य गोष्ट. ऑनलाइन वर्गात शिक्षकाची खरी मेहनत बोलण्यात कमी आणि प्रश्न रचण्यात जास्त जाते, असं माझं मत झालं आहे. मूडल त्या बाबतीत फार तगडं आहे. बहुतेक अ‍ॅपमध्ये प्रश्न म्हणजे चार पर्याय आणि हिरवी खूण. इथं प्रश्नांचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि लेखाकर्माला उपयोगी पडणारा ‘कॅल्क्युलेटेड’ हा प्रकार तर मला दुसरीकडं इतका सोपा सापडला नाही.

एक प्रश्न उलगडून दाखवते. टायरगाडी ४८,००० रुपयांना घेतली, घटत्या शिल्लकेच्या पद्धतीनं दरसाल १० टक्के घसारा, म्हणजे वापरानं होणारी किमतीतली घट; दुसऱ्या वर्षीचा घसारा किती? पहिल्या वर्षी ४,८०० गेले, उरले ४३,२००, म्हणजे दुसऱ्या वर्षी ४,३२०. मूडलमध्ये मी किंमत आणि दर यांच्या जागी महिरपी कंसात अक्षरं टाकते आणि कुठून कुठपर्यंतचे आकडे घ्यायचे ते सांगते. मग एकाला गाडी ४८,००० ची येते, दुसऱ्याला ६०,००० ची, तिसऱ्याला दरच वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर पाठवून उपयोग नाही. रीतच पाठवावी लागते. ती पाठवली तर माझं कामच झालं.

याच्याही पुढची गंमत म्हणजे चुकीचं उत्तरही आधीच लिहून ठेवता येतं. दुसऱ्या वर्षीही मूळ किमतीवरच घसारा काढायचा, ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी अर्धी लेकरं करतात. तर तेही सूत्र मी उत्तरांच्या यादीत टाकते, शून्य गुण देऊन, आणि शेजारी अभिप्राय लिहिते: "हे स्थिर हप्ता पद्धतीचं उत्तर झालं. पहिल्या वर्षानंतर गाडीची किंमत किती उरली, ते आधी काढ." ज्याचं उत्तर तसं आलं त्यालाच हे दिसतं. नुसतंच काहीतरी टाकलं असेल त्याला वेगळं वाक्य. बाकावर लेकरू समोर बसलेलं असतं तेव्हा मी त्याच्या वहीत डोकावून हेच तर करते. एका प्रश्नाला अर्धा-पाऊण तास जातो, हेही खरं. पण तो प्रश्न पुढं कितीतरी वर्षं चालतो.

रोजकीर्दीसाठी ‘क्लोझ’ प्रकार वापरते. तक्त्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या: कोणतं खाते नावे, कोणतं जमा, रक्कम किती. लिहायची पद्धत किचकट आहे, कंस आणि विसर्गचिन्हांची भाऊगर्दी. पण एक नमुना नीट जमला की नक्कल करून आकडे बदलत जायचं.

आकड्यांवरून एक महत्त्वाची सूचना, कारण हे मराठीत कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. उत्तर इंग्रजी आकड्यांतच टाकावं लागतं, देवनागरी चालत नाही. आणि स्वल्पविराम! रकमेत टिंब नसेल आणि एकच स्वल्पविराम असेल, तर मूडल त्याला दशांशचिन्ह समजतं, युरोपात लिहितात तसं. लेकरानं १२,५०० लिहिलं की ते साडेबारा वाचणार. १,२५,००० मध्ये दोन स्वल्पविराम आहेत, ते मात्र बरोबर सव्वा लाख वाचणार. पुस्तपालनात आपण रकमेला स्वल्पविराम द्यायची सवय मुद्दाम लावतो, त्यामुळं हा घोळ आपल्याच विषयाला जास्त बाधतो. प्रत्येक रकमेच्या प्रश्नाखाली "इंग्रजी आकडे, स्वल्पविराम देऊ नये" ही ओळ टाकाच.

रेंज नसताना काय, तर मूडलचं फोनसाठी वेगळं अ‍ॅप आहे. त्यात कोर्सचा भाग डाउनलोड करून ठेवता येतो आणि चाचणीसुद्धा नेट नसताना सोडवता येते. मात्र ते आपोआप होत नाही. चाचणीच्या सेटिंगमध्ये जादा निर्बंधांचा भाग उघडून ‘मोबाइल अ‍ॅपवर ऑफलाइन सोडवू द्या’ हा पर्याय शिक्षकानं चालू करावा लागतो. चाचणीला वेळेची मर्यादा लावलेली असेल तर तो चालत नाही, आणि अभिप्राय शेवटी दाखवायचा प्रकार निवडावा लागतो. म्हणजे लेकरानं फडावरून येऊन रात्री चाचणी सोडवली, बाजाराच्या दिवशी गावात रेंज मिळाली की उत्तरं वर जातात आणि गुण नि अभिप्राय खाली येतात. वेळ लावता येत नाही याचं मला तरी काही वाटत नाही. दिवसभर ऊस तोडलेल्या पोराला घड्याळ कशाला दाखवायचं?

पण अभिप्रायाला आठवडा लागतो, हे बोचतं. त्यावर उतारा म्हणजे एचफाइव्हपी. हे मूळचं नॉर्वेचं, आता मूडलमध्येच आतून आलेलं आहे. शब्द ओढून जागेवर टाका, फोटोवर बोट ठेवा, जोड्या लावा असल्या गोष्टी त्यात बनतात. हे फोनवरच चालतं, त्यामुळं डाउनलोड केलेलं असलं की बरोबर-चूक जागच्या जागी कळतं. म्हणून माझी वाटणी अशी: सरावाला एचफाइव्हपी, चाचणीला मूडलचे प्रश्न. घसाऱ्यासारखं बदलत्या आकड्यांचं काम मात्र एचफाइव्हपीत तितकं सोपं नाही.

फोन एक आणि लेकरं चार, हा आमचा कायमचा प्रश्न. अ‍ॅपमध्ये एकाच फोनवर अनेक खाती ठेवता येतात, बदलायला दोन टिचक्या. एका टोळीत आमच्या कॉलेजची तीन पोरं होती, तिघांची खाती एका चुलत्याच्या फोनवर. चुलत्याची अट एवढीच की रात्री भजनाच्या वेळी फोन परत पाहिजे.

पासवर्डचा त्रास मात्र डोकं उठवतो. मूडलचा मुळातला नियम असा की पासवर्डमध्ये आठ अक्षरं, त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि एक चिन्हही हवं. बँकेला ठीक आहे. आमच्या लेकरांच्या बापाच्या फोनवर मोठं अक्षर कसं काढायचं इथपासून तयारी. तो नियम साइटच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी काढून टाका. विसरलेला पासवर्ड ईमेलवर येतो म्हणे; ईमेल आहे कुणाकडं? मी सगळी खाती एका यादीतून एकदम चढवते, नाव म्हणजे हजेरी क्रमांक, आणि पासवर्ड मीच बदलून फोनवर सांगते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आकडेवारीच्या अहवालाचा. चाचणी झाली की कोणत्या प्रश्नाला किती टक्के लेकरांना जमलं हे दिसतं, आणि चुकीचा कोणता पर्याय जास्त निवडला गेला तेही. बारावीत भागीदाराच्या प्रवेशाचं प्रकरण आहे. नव्या भागीदारानं आणलेली ख्यातीची, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची, रक्कम जुन्या भागीदारांत त्यागाच्या प्रमाणात वाटायची असते. हुशार म्हणावी अशी लेकरंही ती जुन्या नफा-तोटा प्रमाणात वाटत होती. वर्गात हे इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं, कारण वर्गात जो हात वर करतो त्याचंच उत्तर ऐकू येतं. मग मी तेवढ्यासाठी वेगळं पान केलं: दोन भाऊ, शेतीचा वाटा ३:२, तिसऱ्याला वाटेकरी घेतलं, तर कुणी किती सोडलं? जितकं सोडलं तितका मोबदला. बीडच्या लेकराला वाटणी समजावून सांगावी लागत नाही.

सारखं विचारत राहण्याला संशोधनाचाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं गेले. लातूर पॅटर्नवाल्यांनी याहून आधी सततच्या चाचण्यांवर भर दिला होता. फक्त तिथं लेकरू हॉस्टेलवर असतं नि पोटाला वेळेवर मिळतं.

फोरम, म्हणजे चर्चेचा भाग, आमच्याकडं चालला नाही. सगळ्यांसमोर लिहायला लेकरं लाजतात. शंका असली की रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतात, मागं चुलीचा जाळ फुटतोय, बैलाच्या गळ्यातली घंटी वाजतीय, कुणीतरी ओरडतंय, आणि मध्येच "मॅडम, ती हुंडी वटवली तर बँकेचं कमिशन कुठं टाकायचं?" मी तसंच उत्तर पाठवते. बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर, काम मूडलवर, अशी सोय लागली आहे आणि ती बदलावी असं वाटत नाही.

शिक्षकाच्या बाजूनं तक्रारी आहेत. सेटिंगांचा डोंगर आहे. एका चाचणीच्या पानावर इतके पर्याय की पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरून बंदच करतो. मराठी भाषापॅक आहे, पण पूर्ण नाही, त्यामुळं पडद्यावर मराठी-इंग्रजीची खिचडी दिसते. प्रश्न बनवायला कॉम्प्युटरच लागतो, फोनवर ते काम होत नाही. होस्टिंगवर ‘क्रॉन’ नावाचं काम सतत चालू ठेवावं लागतं, नाहीतर सूचना वेळेवर जात नाहीत. शिवाय नवी आवृत्ती आली की ती चढवणारा कुणी हवा. आमच्यातला एक सर हे करतो. तो बदलून गेला तर काय, याचं उत्तर आमच्याकडं नाही. ज्यांच्या गावात रेंज चांगली आहे आणि वर्ग एकच आहे त्यांनी गूगल क्लासरूम घ्यावं, या भानगडीत पडू नये. आणि तयार अभ्यासक्रमच हवा असेल तर २०१७ पासून सरकारचं ‘स्वयम’ आहे, ‘दीक्षा’ आहे. पण आपल्या वर्गातल्या लेकरांची चूक कुठं होते हे तिथल्या प्रश्नांना माहीत नसतं.

मूडल मार्टिन डुगियामस यांनी बनवलं, पहिली आवृत्ती २००२ ची. ते लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत राहायचे आणि त्यांची शाळा रेडिओवर भरायची. ऑफलाइनचा एवढा विचार या सॉफ्टवेअरमध्ये कसा काय, याचं मला नवल वाटायचं. हे कळल्यावर कमी झालं.

पाचपैकी साडेतीन देईन. दीड गुण सेटिंगांचे आणि पासवर्डचे कापले.

प्रश्नपेढी एका एक्सएमएल फाइलमध्ये काढून दुसऱ्या मूडलवर जशीच्या तशी चढवता येते. घसारा, रोजकीर्द आणि भागीदाराचा प्रवेश एवढ्या प्रकरणांचे प्रश्न तयार आहेत, मराठवाड्यातल्या कुठल्याही वाणिज्य शिक्षकानं खाली विचारलं तर पाठवते. विसर्जनाचे अर्धे झालेत. हुंड्यांचे कुणी बनवले असतील तर मला पाठवा, ऑक्टोबरच्या आत.